लांजेवार बाबूंची मिनिटं

लांजेवार बाबू भित्रे होते. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही, ते स्वतःच सगळ्यांना सांगत. "मी भेकाड मानूस आहो बाप्पा, मले यात नोका घालू," हे वाक्य दिवसातून चारदा तरी त्यांच्या तोंडून निघायचं. सेठच्या गाडीचा हॉर्न फाटकावर वाजला की बाबू आत ऑफिसात, बंद दाराआड, खुर्चीवरून उठून उभे राहत. फोनवर सेठ असला तरी उभे. एकदा मी म्हटलं, "काका, फोनमध्ये सेठला दिसत नाही तुम्ही बसलात की उभे आहात ते." तर म्हणाले, "आवाजावरून समजते बेटा. बसलेल्या मानसाचा आवाज बसका येते."

गोंदियाजवळ फुलचूरच्या पुढे एका राईस मिलमध्ये ते हजेरीबाबू होते. मिलचं नाव लिहीत नाही. मिल अजून चालू आहे आणि सेठही आहेत. तिथे उकडलेला धान मोठ्या सिमेंटच्या आंगणात वाळत घालतात. पन्नास-साठ बायका तो पसरवतात, पायाने उलटतात, ढग आले की गोळा करून ताडपत्रीखाली घालतात. दुसऱ्या मिलमध्ये अशा कामाला दिवसाची रोजी देतात. आमच्याकडे तासावर होती, कारण हे काम उन्हाचं. दव सुकलं की सुरू, ऊन गेलं की बंद. आज आठला सुरू, उद्या सव्वानऊला. कधी साडेचारला सुटी, कधी आभाळ भरलं म्हणून दोनलाच. म्हणून प्रत्येक बाईची यायची वेळ, जायची वेळ रोज लिहावी लागे, त्यातून जेवणाचा पाऊण तास वजा करावा लागे, आणि शनिवारी तासाला तीस रुपयांप्रमाणे चुकारा व्हायचा. हे लिहायचं आणि मोजायचं काम एकोणीस वर्षं लांजेवार बाबूंचं होतं.

मी तिथे लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. मुर्री या आमच्या गावी, आमच्या ओळीत तोवर कुणाच्या मुलीनं बी.कॉम. केलेलं नव्हतं, मुलानंही नाही. माझे वडील दुसऱ्याची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, ठेक्यानं करतात. त्यांनी माझा निकाल अख्ख्या ओळीत पेढे देऊन सांगितला होता. हे सांगायची मला तेव्हाही लाज नव्हती, आताही नाही. पण या गोष्टीत माझ्या पदवीचा फार मान राहत नाही, ते आधीच सांगून टाकते.

बाबू अंगानं वाळलेले होते. शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं, कॉलरच्या आत रुमाल घडी करून खोचलेला. चालायचे ते भिंतीच्या कडेनं, जणू मधली जागा दुसऱ्या कुणाची तरी आहे. हजेरीचं रजिस्टर कधी सोडायचे नाहीत. संडासला जायचं तर रजिस्टर काखेत, जेवायला बसले तर रजिस्टर मांडीखाली. बायकांमधली सयत्राबाई त्यांना छळायची. तिची जीभ सगळ्यांत तिखट. डबा उघडला की ओरडायची, "बाबूजी, एकटेच काऊन खाता? रजिस्टरलेबी दोन घास चारा! बिचारं कवापासून उपाशी आहे!" बायका खिदळायच्या. बाबूही हसायचे, पण रजिस्टर मांडीखालून काढायचे नाहीत.

सकाळी फाटकाशी त्यांचं एक चालायचं, ते मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. बाई आत आली की बाबू आधी मनगट तिच्यापुढे धरत. "पाय." म्हणजे पाहा. बाई घड्याळ पाहायची. "किती?" "आठ पाच." मग ते रजिस्टरात लिहायचे, तेही बॉलपेननं, पेन्सिलनं कधीच नाही. ज्या बायकांना घड्याळ येत नव्हतं त्यांना त्यांनी शिकवलं होतं. मोठा काटा कुठे, लहान कुठे, नखानं काचेवर टकटक करून दाखवायचे. बाईनं वेळ पाहिल्याशिवाय त्यांनी ती कधी लिहिली नाही. संध्याकाळी जातानाही तसंच. साठ बायका आणि दोनदा रोज.

"काका, किती वेळ जातो यात," मी म्हटलं.

"जाऊ दे. उद्या कोनी म्हनन का बाबूनं माह्ये दहा मिनट खाल्ले, तं मी का करू? तिनं पाह्यलं, मी लिवलं. आता मी मोकळा."

तास हा शब्द ते हिशेबात वापरतच नसत. सगळं मिनिटांत. "तासात भांडन होते, मिनटात होत नाही," म्हणायचे. तासाला तीस रुपये, म्हणजे मिनिटाला आठ आणे. त्यावर त्यांनी बायकांना एक साधी खूण दिली होती: जेवढी मिनिटं, तेवढ्या अठन्न्या. मिनिटांचे अर्धे करा, झाले रुपये. शनिवारी चुकाऱ्याला ते ऑफिसच्या वऱ्हांड्यात उभे राहून एकेकीचं वाचायचे. "सयत्रा. सोमवार. आली आठ पाच, गेली साडेचार. जेवन पाऊन तास. चारशे साठ मिनट." आणि बाई तिकडून ओरडायची, "दोनशे तीस!" असे शुक्रवारपर्यंत, शेवटी मागचा शनिवार, सहा दिवस, असं प्रत्येकीचं. अंगठा करणाऱ्या बायका, पण अर्ध्याच्या हिशेबात एकही चुकायची नाही. ऐकताना शाळेतल्या पाढ्यांसारखं वाटायचं.

या माणसाच्या भित्रेपणाच्या गोष्टी मिलमध्ये पुष्कळ होत्या. एकदा दुपारी पांढरी सरकारी जीप फाटकातून आत आली. बाबूंनी तीन वर्षांची रजिस्टरं टेबलावर रचली, तारखेप्रमाणे लावली, रुमालानं पुसली, आणि स्वतः दिसेनासे झाले. जीपवाले साहेब उतरले, पाणी प्यायले आणि विचारलं, "हा रस्ता आमगावले जाते का?" कुणीतरी रस्ता सांगितला, जीप गेली. पाऊण तासानं बाबू कोंड्याच्या गोदामातून बाहेर आले. डोक्यावर, भुवयांवर, मिशीवर कोंडा. आवाज पूर्ण बसलेला. "का म्हने साहेब?" सयत्राबाई म्हणाली, "तुमालेच पाहाले आलते बाबूजी. म्हने, एवढा इमानदार मानूस कुठं लपवला?"

सगळे हसले. मीही हसले. पण बाबू मिशीवरचा कोंडाही न झटकता, फाटकाकडे पाहत रजिस्टरं परत पुसत राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की ही गंमत नाही.

एकदा डबा खाताना मी सरळ विचारलं, "काका, तुम्ही इतके कायले भेता?"

त्यांनी भात कालवला. मग म्हणाले, "माहा बाप पानकर होता."

ते सौंदडकडचे, कोहळी समाजाचे. त्यांच्या जुन्या लोकांनी तलाव बांधले, हे ते अभिमानानं सांगत. अभिमानानं सांगितलेली तेवढी एकच गोष्ट. पानकर म्हणजे गावतलावाचं पाणी कुणाच्या बांधीत किती वेळ जाईल ते पाहणारा माणूस. गावात घड्याळ नव्हतं. बाप तलावाच्या बांधावर एक काठी रोवायचा आणि तिच्या सावलीवर पाणी वाटायचा. एका साली पाणी कमी होतं, धान गर्भात आलेला. एका माणसाला वाटलं, आपली पाळी संपायच्या आधीच पाणी तोडलं.

"बाप म्हने, सावली इथवर आली होती. तो म्हने, नोती आली. कोनी पाह्यलं? कोनीच नाही. माह्या बापानं एकट्यानंच पाह्यलं होतं." बाबूंनी घास तोंडाजवळ नेला आणि परत डब्यात ठेवला. "फावड्याच्या दांड्यानं मारलं त्याले. हा हात, इथून. मंग तो हात कवाच सिधा झाला नाही."

"आणि तुम्ही?"

"मी नऊ-दहा वर्साचा. मी पळालो." ते उठून हात धुवायला गेले. नळाशी पाठमोरे असताना म्हणाले, "सावली बरोबरच होती पोरी. माह्या बापाची सावली कवा चुकत नोती. पन कोनी पाह्यली नोती ना."

मी लागल्यानंतर सातव्या महिन्यात सेठनी ऑफिसात कॉम्प्युटर आणला. हजेरीचा हिशेब आता मशीनवर, असं ठरलं. मशीन मला येत होतं, आणि मला येतं हे मी सगळ्यांना दिसू दिलं. बाबू रोजची चिठ्ठी मला द्यायचे. तीवर माझ्या सोयीसाठी मिनिटांऐवजी तास-मिनिटं लिहायचे: सात तास चाळीस, सात तास पंचवीस. मी टाकायची ७.४०, ७.२५. पुढच्या रकान्यात तीसनं गुणाकार. शुक्रवारी संध्याकाळी पहिल्या आठवड्याचा कागद छापून सेठपुढे ठेवला.

सेठनी खालची बेरीज पाहिली, मागच्या शनिवारची पाहिली, आणि खूश झाले. "देखा? काम उतना ही हुआ और पैसा कम लगा. हाथ के हिसाब में कितना जा रहा था, पता ही नहीं चला. शाबास मॅडम." मग बाबूंकडे वळून हसत म्हणाले, "उन्नीस साल में कितना गया होगा, लांजेवार बाबू?"

विनोदच केला होता त्यांनी. बाबूंचा चेहरा मात्र राखेसारखा झाला.

शनिवारी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. आधी दार लोटलं. मग, बंद दाराआड तरुण मुलीशी बोलताना कुणी पाहिलं तर, म्हणून परत उघडलं. मग सेठ ऐकेल म्हणून अर्धं लोटलं.

"बेटा, माह्यंच चुकलं असन. पन एकडाव पाय."

"काका, कॉम्प्युटर चुकत नाही."

"नाही चुकत. मी कुठं म्हनतो चुकते. मीच चुकतो." पण ते हलले नाहीत. "सयत्राचं सोमवारचं पाय फक्त. चारशे साठ मिनट. त्यात दोनशे बावीस कसे येतेत, ते मले समजावून दे. मी अडानी मानूस."

मला राग आला. वाटलं, म्हाताऱ्याला आपलं काम गेल्याचं दुःख आहे. म्हटलं, "ठेवा चिठ्ठी. पाहते मग."

ते गेल्यावर पाहिलं. एका मिनिटात समजलं. सात तास चाळीस मिनिटं म्हणजे सात पूर्णांक चाळीस शतांश तास नव्हे. साठ मिनिटांचा तास मी शंभर मिनिटांचा करून टाकला होता. पाचवीतली चूक. प्रत्येक बाईचे रोज पाच, आठ, दहा रुपये कापले गेले होते. सहा दिवसांचे कुणाचे तीस, कुणाचे पन्नास. सेठ खूश होते. वर्षभराच्या प्रोबेशनवर ठेवलं होतं मला, आणि वडिलांनी आता गावात सांगितलं होतं की पोरगी मिलचा सगळा हिशेब पाहते. मी चिठ्ठी कीबोर्डखाली सरकवली आणि दुसऱ्या कामाला लागले.

मी गप्प बसले. बाबूंना लोक भेकड म्हणत, म्हणून हे लिहून ठेवते.

दोनला चुकारा. त्या दिवशी आभाळ सकाळपासून काळवंडलेलं, आणि आंगणात उकडलेला धान पसरलेला. सेठ स्वतः वऱ्हांड्यात खुर्ची टाकून बसले, पुढे पैशांची पेटी. चुकाऱ्याच्या कागदावर 'तपासले' म्हणून हजेरीबाबूची सही लागायची, मगच पैसे निघायचे. कागद बाबूंपुढे आला. समोर साठ बायका बसलेल्या. सही केली तर बायकांचे पैसे जाणार, नाही केली तर बाबूंची नोकरी. हे तिथे दोघांनाच ठाऊक होतं, बाबूंना आणि मला.

त्यांनी पेन उघडलं. परत टोपण लावलं.

"सेठजी, मले भेव लागते."

"किस बात का?"

"सहीचं."

सेठ हसले. "उन्नीस साल से कर रहे हो. आज क्या हुआ?"

"मी पाह्यलं नाही ना हे. मशीननं पाह्यलं. न पाह्यल्याची सही कराले मले भेव लागते जी."

सेठचं हसू गेलं. "लांजेवार, टाइम मत खराब करो, बादल आ रहे हैं. सही करो, नहीं तो सोमवार से मत आना."

मला वाटलं, आता करतील. पेन टेबलावर टेकवलेलं होतं आणि त्याची टकटक मला माझ्या जागेवर ऐकू येत होती. ते सेठकडे पाहत नव्हते, बायकांकडेही नाही. जमिनीकडे पाहत म्हणाले, "मंग मी निरा वाचून दाखवतो, बस. वाचाले तं काही हरकत नाही ना?"

"पढ़ो, पढ़ो. जल्दी."

बाबू उभे राहिले. कागद बाजूला ठेवला आणि स्वतःचं रजिस्टर उघडलं. आवाज इतका बारीक की मागच्या बायका पुढे सरकल्या.

"सयत्रा. सोमवार. आली आठ पाच, गेली साडेचार. जेवन पाऊन तास. चारशे साठ मिनट."

"दोनशे तीस!" सयत्राबाई सवयीनं ओरडली.

सेठनी कागदावर बोट ठेवलं. "दो सौ बाईस."

सयत्राबाईनं आधी सेठकडे पाहिलं, मग बाबूंकडे. "कसे जी? चारशे साठचे अर्धे दोनशे बावीस कवापासून झाले?"

"मशीन का हिसाब है, बाई."

"मशीनले अर्धं करता येत नाही का?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सेठचा चेहरा लाल झाला. "लांजेवार, तू औरतों को भड़का रहा है?"

"नाही जी, नाही जी. मी निरा वाचून राह्यलो." घाम त्यांच्या नाकावरून रजिस्टरवर पडत होता. पण ते थांबले नाहीत. "मंगळवार. आली आठ वीस, गेली चार पंचेचाळीस. जेवन पाऊन तास. चारशे साठ मिनट."

"दोनशे तीस!" आता एकटी सयत्राबाई नव्हती, दहा-बारा जणी होत्या.

"बुधवार. आली सव्वानऊ, गेली पावनेपाच. चारशे पाच मिनट."

"दोनशे अडीच!"

ते जितकं हळू वाचत तितक्या बायका जोरात ओरडत. बाबूंनी एका हातानं टेबलाची कड धरली होती. मला वाटलं, हा माणूस आता पडेल. आंगणाकडून वारा आला, ताडपत्रीची टोकं फडफडली. एकीनंही उठून धानाकडे पाहिलं नाही. सयत्राबाईनं पदर खोचला आणि मांडी घालून जास्त नीट बसली. "धान भिजन तं भिजन. आमचं अर्धं आमाले द्या."

सेठनी आभाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मॅडम, सही हिसाब क्या है?"

मी उठले. म्हटलं, "बाबूंचं बरोबर आहे. चूक माझी आहे." पण खरं सांगायचं तर मी बोलले तेव्हा सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, साठ बायकांनी आधीच सांगून टाकलं होतं.

सेठनी माझा कागद दुमडून खिशात घातला. जुन्या हिशेबानं, बाबूंच्या रजिस्टरवरून, चुकारा झाला. शेवटच्या बाईच्या हातात पैसे पडले आणि सगळ्या आंगणाकडे धावल्या. मीही धावले, ओढणी कमरेला बांधून. धान गोळा झाला, ताडपत्र्या पडल्या, त्यावर विटा ठेवल्या. परत वऱ्हांड्यात आले तर बाबू नव्हते. रजिस्टर टेबलावर होतं. ते रजिस्टर एकटं पडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही नाही. गुरुवारी सेठनी स्वतःच विचारलं, "बाबू क्यों नहीं आ रहा? मैंने निकाला थोड़ी है." माझ्या नोकरीचंही त्यांनी नाव काढलं नाही. मी पत्रक मिनिटांवर बदललं, ते त्यांनी पाहिलं आणि मान हलवली, बस. सयत्राबाई मला म्हणाली, "भेऊन बसले असतीन घरी. तू जाय मॅडम, तुह्यामुळं झालं, तूच आन त्याइले."

शुक्रवारी सकाळी मी सौंदडला गेले. घर विचारायची गरज पडली नाही. स्टेशनवर उतरले तर फलाटाच्या टोकाच्या बाकावर बाबू बसलेले. धुतलेला शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं, मांडीवर डबा. मला पाहून ताडकन उठले.

"काका, मिलला निघालात?"

"हो... नाही. म्हंजे, रोज येतो मी इथवर." इकडेतिकडे पाहून हळू म्हणाले, "घरी सांगतलं नाही पोरी. इथंच बसतो, डबा खातो, सांजच्याले जातो घरी."

"पण सेठनी काढलं नाही तुम्हाला! काही बोललेसुद्धा नाहीत."

"नाही बोलले ना? त्याचंच तं भेव आहे."

"बायका वाट पाहून राहिल्या. तुमच्याशिवाय फाटकावर गोंधळ होतो. आणि काका..." मला पुढचं बोलायला फार जड गेलं. "मी सकाळीच पाहिलं होतं. तुम्ही चिठ्ठी दिली तेव्हाच. मी बोलले नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं म्हणतील. ते म्हणाले, "भेलीस असशीन," आणि माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवून लगेच काढून घेतली.

गोंदियाची गाडी आली. मी म्हटलं, "चला." ते माझ्यामागे डब्याच्या दारापर्यंत आले. "तू चढ पुढं. मी मांगून येतोच." मी चढले आणि त्यांना जागा द्यायला आत सरकले. त्यांनी जेवणाचा डबा डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं दाराची दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला. गाडी हलली. ते लंगडी घालत चार पावलं गाडीबरोबर आले, एक पाय पायरीवर, एक फलाटावर, मी हात पुढे केलेला. मग त्यांनी पाय खाली घेतला आणि दांडी सोडली.

मी दारातून वाकून पाहत राहिले. फलाटावर ते एकटेच उभे होते. आधी जाणाऱ्या गाडीकडे पाहिलं, आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून डावीकडे, उजवीकडे मान वळवली.